खिडकीच्या आतली वाफ

१

सकाळी अंड्याची बशी विसळून झाली की आर्नल्ड क्रॅबट्री जिना चढून मागच्या लहान खोलीत जायचा आणि कपाळाला भिंग बांधायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हा नेम चुकला नव्हता. टेबलावर दिवा, चिमटे, कानशी, जेमतेम दोन-चार केस असलेले रंगाचे ब्रश, आणि मधोमध ती गाडी. दोन डब्यांची, गडद हिरवी डिझेल गाडी. एके काळी ती थॉर्नबेकहून एल्मरडेलपर्यंत खोऱ्यातून धावायची. त्या मार्गाचे रूळ उखडून एक पिढी लोटली होती आणि आर्नल्ड ती गाडी पुन्हा घडवत होता. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे टेबलावरचे चार मिलिमीटर, या हिशोबाने एकेक डबा वीतभर लांब.

हा पोरखेळ नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. थॉर्नबेकच्या रेल्वे-प्रतिकृतींच्या क्लबात कुणी पाहुणा चुकून 'खेळण्यातली गाडी' म्हणाला तर त्याला चहा मिळत नसे. दाराची मूठ खऱ्या गाडीत जिथे होती तिथेच हवी, आणि ती तिथे होती याला फोटोचा पुरावा हवा. आर्नल्ड आणि त्याचा जिवलग मित्र क्लिफर्ड साइक्स यांनी तर एका धुराच्या नळीवरून आठवडाभर अबोला धरला होता. शेवटी क्लिफर्डने कुठून तरी फोटो पैदा केला आणि तो आर्नल्डच्या नाकासमोर नाचवला.

"बघ, म्हाताऱ्या. नळी सरळ आहे. आता माग माफी."

आर्नल्डने माफी मागितली आणि वाकडी बसवलेली नळी मुकाट्याने काढली. ही गाडी दोघांची होती. बाहेरचं आर्नल्डने करायचं, आतल्या बाकांचं क्लिफर्डने, असं ठरलं होतं.

जानेवारीत क्लिफर्ड कांद्याच्या वाफ्यात कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून तो इस्पितळात डोळे मिटून पडला होता आणि डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, हिल्डाला, फार आशा धरू नका असं सांगितलं होतं.

क्लबात एक रीत होती. सभासद गेला की त्याची बोटाच्या पेराएवढी मूर्ती घडवायची आणि क्लबाने मांडलेल्या छोट्या रेल्वेमार्गावर, एल्मरडेल स्टेशनच्या फलाटावर, त्याच्या नेहमीच्या कोटाटोपीसकट उभी करायची. अर्थात दफन झाल्यावर. त्याच्या आधी नाही. हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. क्लिफर्ड मात्र हसत म्हणायचा, "मला त्या फलाटावर ताटकळत ठेवू नका रे. तिथे वारा फार लागतो. मला गाडीत बसवा. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी." त्या गाड्यांत ड्रायव्हरच्या पाठीमागे काच असे आणि तिच्यातून समोरचा मार्ग दिसे. शाळेत जाताना त्या बाकासाठी दोघांची रोज मारामारी व्हायची.

आर्नल्डने रीत मोडली. क्लबाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि डब्याचा टप, म्हणजे वरचं छप्पर, एकदा चिकटवला की मग आत कुणाला बसवणं अशक्य होतं. दोन नळ्यांतलं मिसळून लावायचा तो पक्का गोंद सुटायचं नाव घेत नाही. क्लिफर्ड काही उठत नाही, हे हिल्डाच रडत रडत म्हणाली होती. मग आर्नल्डने क्लिफर्ड घडवला. तपकिरी कोट, चपटी टोपी, हिल्डाने विणलेला लाल मफलर, हात मांडीवर. मोटर बसवलेल्या डब्यात जागा कमी, म्हणून तिथल्या प्रवाशांचे पाय गुडघ्याखाली कापावे लागतात. हे सगळेच करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण क्लिफर्डचे पाय कापायला त्याचा हात धजेना. त्याने त्याला दुसऱ्या डब्यात, त्या टोकाच्या ड्रायव्हरच्या मागे बसवला, धडधाकट, आणि वर टप दाबून टाकला.

कुणाला काही बोलला नाही.

२

दोन दिवसांनी क्लिफर्डच्या शेजारची खिडकी धुरकट दिसली.

आर्नल्डने भिंग खाली ओढलं. एकच काच, आणि तीही आतून. बाकीच्या खिडक्या स्वच्छ होत्या. त्याला स्वतःचाच राग आला, कारण ही चूक नवशिक्यांची. खिडक्या सुपरग्लूने चिकटवल्या की त्याची वाफ काचेवर पांढरी धरते आणि ती जन्मात निघत नाही. संध्याकाळी तो गाडी पेटीत घालून क्लबात घेऊन गेला, तेव्हा पर्सी वॉमर्स्लीने ती दिव्याखाली धरली आणि त्याला आयतंच कोलीत मिळालं.

"अरे, अरे, अरे! आर्नल्ड क्रॅबट्री आणि सुपरग्लू! या बघायला सगळे, तिकीट नाही!"

"मी पांढरा गोंद वापरला होता," आर्नल्ड म्हणाला.

"हो ना. आणि मी वापरला होता मध."

"पर्सी, मी चाळीस वर्षं खिडक्या पांढऱ्या गोंदानेच लावतोय."

"मग ही काय आपोआप धुरकटली? आत कुणी श्वास सोडतंय होय रे?"

सगळे हसले. आर्नल्डही हसला. पर्सीने डबा डोळ्याशी नेला आणि मग त्याचं हसणं जरासं अडखळलं. "हा पुढचा कोण? मफलरवाला?"

"प्रवासी आहे," आर्नल्ड म्हणाला आणि त्याने डबा त्याच्या हातातून काढून घेतला.

बसमधून घरी येताना पेटी त्याच्या मांडीवर होती. तिचा तळ कोमट लागत होता. बसचा हीटर पायाशीच असतो, हे त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. हिल्डा पलंगाशी विणत बसली होती. नवरा जाणार हे मान्य केलेली बाई त्याच्यासाठी हातमोजे विणत होती.

"कसा आहे?" आर्नल्डने विचारलं.

"तसाच. पण हे बघ, हे नवीन." तिने विणकाम बाजूला ठेवलं. "थांब, करेल आता."

क्लिफर्डचा चेहरा मेणासारखा झाला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा उजवा हात हळूच पांघरुणावरून उठला, आणि पालथ्या हाताने त्याने हवेत एक गोल काढला. पुन्हा एक. मग हात पडला.

"परवापासून करतोय," हिल्डा म्हणाली. "नर्स म्हणते, नसा आपोआप उडतात, त्याला कळत नाही काही. पण आर्नल्ड, मला वाटतं तो मला हात करतोय. वेडेपणा आहे ना?"

"नाही गं. वेडेपणा कसला?"

"पन्नास वर्षं सकाळी कामाला जाताना बसच्या खिडकीतून हात करायचा. मला फक्त तो परत हवाय. लंगडा होऊ दे, मुका होऊ दे. मी भरवीन त्याला." ती रडली नाही. उलट तिचा आवाज अगदी घरगुती होता, जणू ती सामानाची यादी सांगत होती. "तू त्याच्याशी बोल. तुझं तो ऐकतो."

आर्नल्डने क्लिफर्डच्या कानाशी वाकून सांगितलं की गाडीचा टप बसला, रंग छान उतरला, आणि तू लवकर बरा हो. बोलताना त्याच्या नाकाला एक वास आला. इस्पितळाचा नव्हे. ओल्या लोकरीचा, तापलेल्या डिझेलचा. ओळखीचाच वास होता, पण कुठला, ते त्याला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही.

घरी पोचल्यावर तो कोट न काढताच वर गेला. धुरकट काचेच्या मधोमध आता एक स्वच्छ गोल होता. कुणीतरी पालथ्या हाताने पुसावा तसा, कडेला बारीक ओघळ असलेला. आर्नल्डने बाहेरून काचेला बोट लावलं. काच कोरडी होती.

४

तो घाबरला, हे खरं. खुर्ची मागे सारून तो दारापर्यंत गेलाही. वय झालं, डोळे गेले, मित्राच्या दुःखाने डोकं फिरलं, असं सगळं काही त्याने मनाशी मांडून पाहिलं. पण चाळीस वर्षांची खोड अशी की एखादी बारीक गोष्ट चुकल्यासारखी वाटली तर नीट बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो परत आला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि त्या गोलातून आत पाहिलं.

क्लिफर्ड बसला होता. रंगवलेला, चिकटवलेला. पण त्याच्या चेहऱ्यावरून उजेड सरकत होता. उजेड, मग सावली, मग उजेड. खोलीतला दिवा जागच्या जागी होता. तारेचे खांब मागे पडताना प्रवाशाच्या तोंडावर असाच खेळ चालतो. टेबलावर टेकलेल्या आर्नल्डच्या कोपरांना एक ठेका जाणवू लागला. दोन ठोके, जरा विसावा, दोन ठोके.

मग त्याने क्लिफर्डच्या खांद्यावरून, ड्रायव्हरच्या मागच्या काचेतून पुढे पाहिलं.

तिथे त्याच्या खोलीची भिंत दिसायला हवी होती. तिथे खोरं होतं. सबंध खोरं, दूरवरच्या डोंगरांपर्यंत, बर्फाने भरलेलं, आणि त्यातून काळे ओले रूळ गाडीखाली येत होते. दगडी कुंपणं, मेंढ्या, एका घराच्या धुराड्यातून निघालेला धूर. हे सगळं एका मसुराएवढ्या भोकातून दिसत होतं आणि तरी त्याला काही कमी नव्हतं. आयुष्यभर तो एकेक दार, एकेक खिळा बरोबर करत आला होता. इथे सगळंच बरोबर होतं. रंगाचा थर कुठे जाड नव्हता. सांधा कुठे दिसत नव्हता. आर्नल्डच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंगाला लागलं. ते पुसायला डोळा काढावासाही त्याला वाटेना.

दुपारभर तो तसाच बसला. चहा गार झाला. रंगाच्या कारखान्याची चिमणी आली आणि गेली. कमानींचा पूल आला, तेव्हा ठेका पोकळ झाला आणि खाली नदी चमकली. दर वळणाला पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं आणि दर वळणाला ते यायचं. त्याचं मन इतकं हलकं झालं होतं की भीती कुठच्या कुठे पळाली. मग चढावर गाडी जरा मंदावली, डावीकडे प्रार्थनामंदिराचं पडकं कुंपण दिसलं, आणि त्याने पुढची ठिकाणं मनात मोजली.

त्या कुंपणानंतर बोगदा. बोगद्यानंतर एल्मरडेल. एल्मरडेल हे शेवटचं स्टेशन. त्याच्या पुढे रूळ नव्हते.

खाली फोन वाजला.

"आर्नल्ड," हिल्डा म्हणत होती, "डॉक्टर म्हणतात श्वास मंदावलाय. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा म्हणतात. तू येतोस का? मला एकटीला..."

"येतो," तो म्हणाला. "हिल्डा, थोडा वेळ त्याचा हात धरून बस. सोडू नकोस."

५

जिना चढताना त्याला धाप लागली. टेबलावर डबा शांत उभा होता. खिडक्यांवरचा उजेड मावळतीचा झाला होता, जरी बाहेर थॉर्नबेकमध्ये नुसता राखाडी पाऊस पडत होता.

त्याने पातळ पातं उचललं आणि टपाच्या कडेला टेकवलं. आणि थांबला. याची लाज त्याला पुढे कायम वाटत राहिली. टप उचकटायचा म्हणजे खिडक्यांमधले खांब तुटणार, आणि ते खांब त्याने भिंगाखाली कानसून काढलेले होते. त्याच्या हातून याहून चांगलं काही घडलं नव्हतं, आता घडणारही नव्हतं. वर त्याचं मन त्याला समजावत होतं. अरे शहाण्या, काचेवरच्या डागापायी कुणी गाडी मोडतं का? माणूस इस्पितळात आहे. हे प्लास्टिक आहे.

आणि त्याच्याही खाली आणखी एक विचार होता, तो जास्त वाईट. आत जे आहे ते इतकं सुंदर आहे, तर त्याला खेचून बाहेर काढणारे आपण कोण?

त्याने गोलातून एकदा पाहिलं. समोर बोगद्याचं तोंड होतं. लहान, काळं, आणि मोठं होत चाललेलं.

"हिल्डाने सांगितलंय, तिला तो परत हवाय," तो मोठ्याने म्हणाला आणि पातं आत सारलं.

तो पक्का गोंद कधी नव्हे तो सुटला. एकही खांब न तुटता टप अलगद वर आला, जणू वाटच बघत होता. त्याच क्षणी उबदार हवेचा झोत आर्नल्डच्या तोंडावर आला. ओली लोकर, डिझेल, कुणाच्या तरी डब्यातलं लोणच्याचं सँडविच. एका श्वासापुरता आवाज आला, भरलेल्या डब्याचा, गप्पांचा, चाकांचा, आणि तो वीतभर वस्तूतून येण्याएवढा लहान नव्हता. खोलीतले ब्रश भांड्यात थरथरले. बाकांवरचे सगळे, त्याने स्वतः रंगवलेले सगळे, समोर बघत होते. क्लिफर्डचे हात मांडीवर नव्हते. एक हात काचेला टेकलेला होता.

आर्नल्डने चिमट्याने त्याला धरला आणि ओढला. मुळं धरलेलं रोप उपटताना लागतो तसा जोर लागला. मग तो सुटला.

खोली गप्प झाली. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. चिमट्यात एक रंगवलेला माणूस होता, मांडीवर हात ठेवलेला. डबा डब्यासारखा होता. वर्तमानपत्रावर टप पडला होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

खाली फोन पुन्हा वाजला. तो वाजत राहिला, कारण आर्नल्डला जिना उतरायला धीर होत नव्हता. शेवटी उतरला तेव्हा हिल्डा ओरडत होती, हसत होती, आणि शब्दाला शब्द लागत नव्हता. "डोळे उघडले! आर्नल्ड, माझा हात दाबला त्याने! तू सांगितलंस तसा धरून बसले होते मी!"

६

आठवड्याने क्लिफर्डला उशांना टेकवून बसवलं. हिल्डा त्याला चमच्याने खीर भरवत होती आणि अखंड बोलत होती. कांद्याचे वाफे, शेजाऱ्यांचं मांजर, पर्सीने पाठवलेली द्राक्षं. तिच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरली होती. आर्नल्ड तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, केलं ते बरोबर केलं.

"मी चहा घेऊन येते तिघांना," ती म्हणाली. "तू बस त्याच्यापाशी. फार बोलायला लावू नकोस रे त्याला. अजून धड दोन शब्द बोलला नाहीये."

ती दाराबाहेर गेली. क्लिफर्डने मान वळवली. त्याची जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"आर्नल्ड."

"बोल, लेका."

"सांधा... कुठेच दिसत नव्हता."

आर्नल्डने खुर्ची जवळ ओढली. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. टप काढल्याचं, मूर्तीचं, कशाचंच कुणाला ठाऊक नव्हतं. "माहीत आहे," तो म्हणाला. "मीपण पाहिलं."

"पाहिलंस?" क्लिफर्डच्या डोळ्यांत चमक आली, शाळेतल्या त्या बाकाच्या मारामारीतली. "मग का उतरवलंस?"

"हिल्डासाठी."

क्लिफर्डने दाराकडे पाहिलं. बाहेर हिल्डा कुणाशी तरी हसून बोलत होती, कपांचा आवाज येत होता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. ते आर्नल्डला दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं ऐकणं कठीण गेलं.

"एकच स्टेशन राहिलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. त्याने आर्नल्डची बाही पकडली. बोटांत जोर नव्हता. "टप परत बसव. मला आत ठेव आणि टप बसव. तिला कळणार नाही."

आर्नल्डला घरचं टेबल दिसत होतं. वर्तमानपत्रावरचा टप, अखंड. पंधरा मिनिटांचं काम.

"टप मोडला रे," तो म्हणाला. "काढताना दोन तुकडे झाले."

"तुझ्या हातून?"

"हो."

क्लिफर्डने त्याच्या हातांकडे पाहिलं, एकदा डाव्या, एकदा उजव्या. मग त्याने बाही सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं. हिल्डा ट्रे घेऊन आत आली.

"बोलला का काही?" तिने विचारलं.

"नाही," आर्नल्ड म्हणाला, आणि तिच्या हातून कप घेऊन तो दोन्ही हातांनी धरून बसला.